व्हीपीएन लावा आणि डीएमझेड उघडा? तो फॉरवर्ड आधी डिलीट करा

सध्या एक मेसेज गावभर फिरतोय. मथळा असा: "घरच्या हार्ड डिस्कमधले फोटो, व्हिडिओ, गाणी जगात कुठूनही बघा, तेही १००% सुरक्षित!" खाली हिरव्या टिकमार्कांसह सात मुद्दे आणि शेवटी "आयटीतल्या मित्राकडून आलंय, जरूर पुढे पाठवा". ज्यांच्यापर्यंत तो अजून पोचला नसेल त्या भाग्यवंतांसाठी मुद्दे थोडक्यात देते. एक, फोनवर कुठलंही चांगलं व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी कूटबद्ध, खासगी वाट) ॲप टाका, घरचं स्टोरेज कुठूनही उघडेल. दोन, जमलं तर व्हीपीएन थेट राउटरवरच लावा, म्हणजे अख्खं घर कव्हर होतं. तीन, राउटरमध्ये डीएमझेड ऑन करून त्यात स्टोरेजचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) टाका. व्हीपीएन असल्यामुळे हॅकरची भीती नाही. चार, सरकारने २०२२ पासून व्हीपीएनवर बंदी घातली आहे, म्हणून परदेशी फ्री ॲपच घ्या. पाच, व्हीपीएनने स्पीड वाढतो. सहा, व्हीपीएन असलं की सिनेमे डाउनलोड केले तरी कोणी पकडू शकत नाही. सात, घरची डिस्क क्लाउडपेक्षा सुरक्षित, वेगळा बॅकअप लागत नाही.

माझ्याकडे हा आला सांगलीच्या मामांकडून. मामांनी नाट्यसंगीताच्या मैफलींच्या जुन्या कॅसेटी, आजीच्या आवाजातल्या ओव्या, घरातल्या लग्नांच्या व्हीएचएस असं सगळं डिजिटल करून घेतलंय आणि दोन डिस्कच्या एका नॅसवर, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेल्या स्टोरेजच्या पेटीवर, ठेवलंय. मुलगी स्टुटगार्टला असते, तिला ते तिथून ऐकता यावं ही त्यांची इच्छा. मागणी अगदी रास्त. पण मामांनी "हे खरं आहे का गं?" असं विचारलं नाही. त्यांनी लिहिलं, "तिसरी स्टेप झाली, चौथीला अडलोय, बघ जरा."

तिसरी स्टेप झाली! म्हणून आधी तिसरीच घेते. बाकीचं नंतर.

"डीएमझेड ऑन करा, व्हीपीएन असल्यामुळे भीती नाही"

घरगुती राउटरमधलं डीएमझेड नावाचं बटण काय करतं? बाहेरून, म्हणजे इंटरनेटवरून, कुणीही न बोलावता आलेलं प्रत्येक कनेक्शन राउटर एरवी टाकून देतो. डीएमझेड चालू केलं की तो ते टाकून न देता तुम्ही नेमलेल्या एका मशीनकडे पाठवतो. ६५,५३५ पैकी कुठलाही पोर्ट, म्हणजे मशीनवरचा क्रमांक दिलेला दरवाजा, असो. मामांच्या बाबतीत ते मशीन म्हणजे नॅस. त्यावर फाइल शेअरिंग ४४५ वर ऐकतंय, ॲडमिनचं पान ८०८० वर, मीडिया सर्व्हर ८०९६ वर, आणि कुणी चालू करून विसरलं असेल तर एसएसएच, म्हणजे दुरून कमांड चालवायची सोय, २२ वर. मामांना यातलं एकच जगाला दाखवायचं होतं, तेही फक्त लेकीला. मेसेजने सगळंच उघडायला लावलं.

आणि "व्हीपीएन असल्यामुळे भीती नाही" हे तर्कट कुठून आलं? व्हीपीएनचं ॲप मामांच्या फोनवर. हल्ला करणारा येणार घरच्या ब्रॉडबँडच्या आयपीवर. त्याच्या वाटेत ते ॲप कुठे आलं? वाड्याच्या दिंडी दरवाजाची कडी काढून ठेवायची आणि मालक चिलखत घालून प्रवासाला गेलाय म्हणून वाडा सुरक्षित समजायचा, असा हा प्रकार आहे.

"पण आमच्या फोटोंत कुणाला काय इंटरेस्ट?" हा यावरचा ठरलेला प्रश्न. कुणालाच नाही. फोटोत इंटरेस्ट तुम्हालाच, आणि ते हल्लेखोराला पक्कं ठाऊक असतं. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीवाल्या टोळीने क्यूनॅप कंपनीच्या, इंटरनेटला उघड्या असलेल्या नॅस गाठल्या. माणसं निवडून नव्हे, आयपी पत्ते चाळून. मालक सकाळी लॉगिन करायला गेले तर लॉगिनच्या पानाऐवजी खंडणीचं पान. प्रत्येक फाइलच्या नावाला .डेडबोल्ट अशी शेपटी, आणि सोडवायचं तर ०.०३ बिटकॉइन, म्हणजे त्या वेळच्या भावाने हजार-अकराशे डॉलर. पासवर्ड कितीही कठीण ठेवला असता तरी उपयोग नव्हता, कारण टोळी पासवर्डाने आत शिरलीच नव्हती, सॉफ्टवेअरमधल्या दोषातून शिरली होती.

यावर खुद्द क्यूनॅपने २६ जानेवारी २०२२ ला जे निवेदन काढलं ते या मेसेजच्या लेखकाने एकदा वाचायला हवं होतं. नॅस इंटरनेटला उघडी आहे का ते ताबडतोब तपासा. असेल तर राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग (ठरावीक पोर्टवर बाहेरून आलेलं आतल्या मशीनकडे पाठवणं) बंद करा. नॅसमधलं यूपीएनपी, म्हणजे मशीनने राउटरला आपोआप पोर्ट उघडायला सांगायची सोय, बंद करा. आणि मग सॉफ्टवेअर अपडेट करा. नॅस विकणारी कंपनी स्वतःच्या गिऱ्हाइकांना सांगते आहे की आमचा माल सरळ इंटरनेटवर ठेवू नका. ती बोलत होती एका-दोन पोर्टबद्दल. आपला फॉरवर्ड सगळेच्या सगळे उघडायला सांगतो, आणि वर टिकमार्क देतो.

ही एकाच कंपनीची गोष्ट असती तर ब्रँड बदला म्हणून सांगितलं असतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच टोळीने असुस्टरच्या नॅस धरल्या. त्याआधी जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या डिस्क वापरणाऱ्यांना एके दिवशी डिस्क रिकाम्या मिळाल्या. तिथे खंडणीही नाही, कुणीतरी दुरून फॅक्टरी रिसेट करून सगळं पुसून टाकलं होतं. त्या डिस्कला २०१५ नंतर अपडेटच नव्हतं. कंपनीने सल्ला दिला, इंटरनेटची वायर काढा. दहा-दहा वर्षांचे बारसे-मुंज-लग्नांचे फोटो गेल्यावर वायर काढून काय होणार ते सोडा.

(डेडबोल्टच्या गोष्टीला एक मजेदार शेपूट आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये डच पोलिसांनी टोळीलाच टोपी घातली. बिटकॉइनचे व्यवहार टाकायचे, टोळीच्या यंत्रणेकडून फाइली सोडवायची किल्ली आपोआप आली की व्यवहार पक्का व्हायच्या आत मागे घ्यायचा. अशा १५५ किल्ल्या त्यांनी मिळवल्या. वाचून गुदगुल्या होतात, पण ते १५५. बाकीच्यांनी एकतर पैसे भरले नाहीतर फाइलींवर पाणी सोडलं.)

मामांचं नशीब मात्र बलवत्तर. त्यांच्या राउटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे बाहेरच्या बाजूचा आयपी, पाहिला तर तो १०० ने सुरू होत होता आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या मधला. हा पट्टा २०१२ मध्ये मुद्दाम राखून ठेवलेला आहे. ब्रॉडबँडवाल्यांना पुरेसे सार्वजनिक आयपी मिळत नाहीत, म्हणून ते अनेक घरांना एकाच सार्वजनिक आयपीमागे बसवतात. त्याला सीजीनॅट म्हणतात. भारतातल्या बऱ्याच घरगुती फायबर जोडण्या अशाच असतात. अशा घरी राउटरवर डीएमझेड उघडलं तरी निदान बाहेरच्या जगाला आत यायला वाट नसते, कारण एकच आयपी घराघरांत वाटणारी कंपनीची यंत्रणा, म्हणजे मोठा नॅट, मध्ये उभी. म्हणजे मेसेजची तिसरी स्टेप या घरात चालतच नाही, आणि ज्या घरात चालते त्या घराचा घात करते. "स्टेप करूनही बाहेरून उघडत नाही" अशी तक्रार करणाऱ्यांनी देवापुढे साखर ठेवावी.

तरी डीएमझेड तसंच ठेवून चालणार नाही. उद्या कुणी स्टॅटिक आयपी घेतला, प्लॅन बदलला, की तीच सेटिंग जिवंत होते. आणि तोवर आपण ती केल्याचं आपल्याला आठवत नसतं.

"फोनवर व्हीपीएन ॲप टाका, घरचं स्टोरेज कुठूनही उघडेल"

नाही उघडणार. हा मुद्दा तिसऱ्याइतका घातक नाही, पण सगळ्या गोंधळाचं मूळ इथेच आहे. जाहिरातीत दिसणारं, महिन्याचे पैसे घेणारं व्हीपीएन तुमच्या फोनपासून त्या कंपनीच्या सर्व्हरपर्यंत टनेल टाकतं. तिथून पुढे तुम्ही नेहमीसारखे इंटरनेटवर. वेबसाइटला तुमच्याऐवजी त्या सर्व्हरचा आयपी दिसतो, हॉटेलच्या वायफायवाल्याला तुम्ही काय बघता ते दिसत नाही. बस, इतकंच. तो सर्व्हर ॲमस्टरडॅममध्ये असेल नाहीतर सिंगापुरात. सांगलीच्या कपाटातल्या नॅसची त्याला खबरही नाही.

मामांना हवंय ते उलट दिशेचं: बाहेरून घरात येणारं टनेल. त्याचं दुसरं टोक घरातच असावं लागतं, राउटरवर, नॅसवर नाहीतर रास्पबेरी पायसारख्या एखाद्या छोट्या कॉम्प्युटरवर. ते विकत घ्यावं लागत नाही, मांडावं लागतं.

याहून गंमत म्हणजे हे विकतचं ॲप कामाच्या टनेलच्या आडच येतं. अँड्रॉइडवर एका वेळी एकच व्हीपीएन चालू राहतं. घरात शिरायचं टनेल चालू आहे आणि मेसेज वाचून कुणी "सुरक्षेसाठी" ते दुसरं ॲप सुरू केलं, की पहिलं बंद. मग जेलीफिन (नॅसवरचा मीडिया सर्व्हर) उघडत नाही, आणि आमच्यासारख्यांना फोन येतो की "तू लावून दिलेलं बिघडलं".

दोन्ही एकदम हवं असणारे लोकही असतात, त्यांची गरज खोटी नाही. त्यांनी घरातल्याच मशीनला एक्झिट नोड करावं. म्हणजे हॉटेलच्या वायफायवरून सगळी रहदारी आधी घरी जाते आणि घरच्या ब्रॉडबँडमधून बाहेर पडते. नॅसही हाताशी, हॉटेलवालाही आंधळा. सप्टेंबर २०२३ पासून टेलस्केलमध्ये (असं टनेल मांडून देणारी सेवा, पुढे येतेच) मुलवाड या व्हीपीएन कंपनीचे सर्व्हर एक्झिट नोड म्हणून पैसे भरून जोडता येतात. घरचं टनेल आणि कंपनीचं व्हीपीएन हे दोन्ही मग एकाच ॲपमधून चालतं.

मग करायचं काय

मेसेज खोडून काढला आणि मामांना रिकाम्या हाताने सोडलं, असं नको. जे करून दिलं ते सांगते.

घराला खरा सार्वजनिक आयपी असेल तर वायरगार्ड, म्हणजे घरात शिरायचं टनेल टाकणारं सॉफ्टवेअर. जेसन डोनेनफेल्डने लिहिलेलं हे सॉफ्टवेअर मार्च २०२० मध्ये लिनक्स कर्नलच्या ५.६ आवृत्तीत सामील झालं, आणि आता बऱ्याच राउटरांत तयार येतं. यालाही एक पोर्ट उघडावा लागतो, बहुधा यूडीपी ५१८२०. मग डीएमझेडला नावं ठेवून इथे पोर्ट कसा चालतो? कारण योग्य किल्ली नसलेल्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही. पोर्ट चाळणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. लॉगिनचं पान नाही, की पासवर्ड घोकून बघायची सोय नाही.

एक अडचण मात्र हटकून येते आणि तिच्याबद्दल कुठलाही फॉरवर्ड बोलत नाही. तुमच्या घरचा राउटर १९२.१६८.१.१, आणि तुम्ही पाहुणे म्हणून गेलात त्या घरचाही १९२.१६८.१.१. नॅसचा पत्ता १९२.१६८.१.२०. टनेल जोडलं, पत्ता टाकला, आणि फोन शोधतोय पाहुण्यांच्याच घरात २० नंबरचं मशीन! त्यांचा टीव्ही नाहीतर प्रिंटर सापडतो, नॅस सापडत नाही. उपाय सोपा आहे, पण आधी करायचा: आपल्या घरचं नेटवर्क सहसा कुणी ठेवत नाही अशा आकड्यावर न्यायचं, जसं १९२.१६८.३७.०. त्यानंतर घरातला प्रिंटर आणि कॅमेरे पुन्हा जोडत बसायला एक दुपार जाते, हेही सांगून ठेवते.

मामांच्या घरी सीजीनॅट, म्हणून वायरगार्डला बाहेरून थेट वाट नाही. तिथे टेलस्केल. आतून वायरगार्डच, पण दोन्ही टोकं आतून बाहेर बोलायला निघतात आणि एकमेकांना गाठतात, त्यामुळे राउटरवर काहीही उघडावं लागत नाही. थेट गाठ पडली नाही तर मधल्या रिले सर्व्हरमधून जातात. त्यातही मजकूर कूटबद्धच राहतो, वेग तेवढा पडतो. ओव्या आणि नाट्यगीतांना तो वेग भरपूर झाला, फोर-के सिनेमाला नाही. क्यूनॅप, सिनॉलॉजी दोन्हींसाठी याची पॅकेजं आहेत आणि घरगुती वापराला पैसे लागत नाहीत. नॅसला १०० ने सुरू होणारा एक खासगी पत्ता मिळतो. (होय, सीजीनॅटच्याच पट्ट्यातला, म्हणून मामा गोंधळले. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही.) तेवढं एकच मशीन लेकीच्या खात्याशी शेअर केलं. तिने स्टुटगार्टमध्ये जेलीफिनच्या ॲपमध्ये तो पत्ता आणि पुढे ८०९६ टाकलं, लागलं.

आता कुणी म्हणेल की टेलस्केल ही पण कंपनीच, तिच्यावर का विसंबायचं? बरोबर आहे. ओळख पटवायचं काम तिच्याकडे जातं. ज्यांना ते नको त्यांनी तेच काम करणारं हेडस्केल स्वतः चालवावं, किंवा आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी, भरपूर पत्ते असलेली पद्धत) वर वायरगार्ड. सीजीनॅटमागच्या बऱ्याच घरांना आयपीव्ही६ चा खरा सार्वजनिक पत्ता मिळतो, आणि मोबाइल डेटावरही तो असतो. फक्त राउटरचा आयपीव्ही६ फायरवॉल चालू आहे ना, ते बघून. तो बंद असेल तर वर सांगितलेलं सीजीनॅटचं सुदैव आयपीव्ही६ च्या बाजूने संपलेलं असतं.

"व्हीपीएन थेट राउटरवरच लावा"

यात अर्धं सत्य आहे, मान्य करते. राउटरवर व्हीपीएन लावलं की टीव्हीसकट सगळं त्यातून जातं, हे खरं. पण ज्याला बाहेरून नॅस बघायची आहे त्याने विकतचं व्हीपीएन राउटरवर लावणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. घराबाहेरून पोर्ट फॉरवर्ड करून कनेक्शन येतं ब्रॉडबँडच्या आयपीवर. नॅसचं उत्तर निघतं टनेलमधून, म्हणजे व्हीपीएन कंपनीच्या आयपीवरून. मागणारा म्हणतो, तू कोण, मी तुझ्याशी बोलतच नव्हतो. कनेक्शन तुटतं. प्लेक्स या मीडिया सर्व्हरचं तर आणखी वेगळं. प्लेक्सच्या सर्व्हरला नॅस व्हीपीएनच्या आयपीवर दिसते, तिथे ३२४०० पोर्ट उघडा नसतो, आणि सेटिंगमध्ये रिमोट ॲक्सेसपुढे लाल खूण येते. लोक रात्रभर राउटर रीस्टार्ट करत बसतात. राउटरमध्ये काही बिघडलेलं नसतं.

काही व्हीपीएन कंपन्या आपल्या बाजूने पोर्ट उघडून देतात, हेही खरं. मुलवाड देत असे. १ जुलै २०२३ पासून बंद केलं. प्रोटॉन देते. पण आपली मैफल ऐकायला आपणच दुसऱ्याच्या सर्व्हरवर पोर्ट मागायचा हा द्राविडी प्राणायाम कशाला? राउटरवर व्हीपीएन हवंच असेल तर पॉलिसी राउटिंग करा: नॅसचा आयपी टनेलच्या बाहेर, बाकी घर आत. चांगल्या राउटरांत ती सोय असते. कंपनीकडून फुकट मिळालेल्या राउटरात बहुधा व्हीपीएनच नसतं, त्यामुळे हा मुद्दा बऱ्याच घरांत जन्मालाच येत नाही.

"सरकारने बंदी घातली, म्हणून परदेशी फ्री ॲप घ्या"

बंदी आहे म्हणून परदेशी फ्री ॲप! या वाक्याला हसावं की रडावं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. बंदी असती तर परदेशी ॲप चाललं असतं का?

झालं होतं ते असं. सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ ला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०ब खाली निर्देश काढले. त्यात व्हीपीएन पुरवणाऱ्या कंपन्या, डेटा सेंटर, क्लाउडवाले यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, संपर्क, दिलेले आयपी, वापराचं कारण हे सगळं किमान पाच वर्षं जपून ठेवावं असं म्हटलं. ग्राहकाच्या माहितीच्या या भागासाठी मुदत नंतर २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत वाढवली. एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांना हे पटलं नाही, त्यांनी भारतातले सर्व्हर हलवले. वर्तमानपत्रांत मथळे आले, आणि व्हॉट्सॲपवर त्या मथळ्यांचं रूपांतर बंदीत झालं. जबाबदारी टाकली आहे पुरवणाऱ्यांवर. वापरणाऱ्यावर बंदी त्या निर्देशांत कुठेही नाही. मामांनी आपल्या नॅसवर आपल्यासाठी चालवलेलं वायरगार्ड म्हणजे काही गिऱ्हाइकांना विकलेली सेवा नव्हे. खरी बंदी असते ती स्थानिक आणि तात्पुरती: जम्मू-काश्मीरमध्ये जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी वेळोवेळी व्हीपीएन वापरण्यावर आदेश काढले आहेत. तिकडे फिरायला जाणाऱ्यांनी तेवढं लक्षात घ्यावं.

आणि फ्री ॲप. सर्व्हर चालवायला पैसे लागतात. तुमच्याकडून घेतले नाहीत तर दुसरीकडून येतात. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने ९११ एस५ नावाचं जाळं मोडलं. मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन अशा नावांचे फुकट व्हीपीएन प्रोग्राम लोकांनी आपल्या विंडोज कॉम्प्युटरवर हौसेने टाकले होते, आणि त्या प्रोग्रामांनी त्यांचीच इंटरनेट जोडणी गुन्हेगारांना भाड्याने दिली होती. १ कोटी ९० लाखांहून जास्त आयपी पत्ते त्यात होते. म्हणजे गुन्हा दुसऱ्याचा आणि आयपी तुमचा. ज्या कॉम्प्युटरवरून घरच्या नॅसवर लॉगिन करता त्याच्यावर असलं काही टाकायला हा मेसेज सांगतोय.

"स्पीड वाढतो"

कमी होतो. प्रत्येक पॅकेटला जास्तीची वेष्टनं लागतात आणि वाट लांबते. अपवाद एकच: तुमच्या ब्रॉडबँडवाल्याची परदेशाकडची एखादी वाट तुंबलेली असेल आणि व्हीपीएन दुसऱ्या वाटेने गेलं, तर खरंच बरं चालतं. पण घरच्या व्हिडिओचा वेग ठरतो घरच्या अपलोडवर आणि नॅसच्या प्रोसेसरवर. स्वस्त नॅसला व्हिडिओ लहान करून पाठवायला लावलं की ती घामाघूम होते. त्यावर इलाज असा की फाइल आहे तशी जाऊ द्यायची, किंवा आधीच छोटी प्रत करून ठेवायची.

"कोणी पकडू शकत नाही"

कॉपीराइट कायदा १९५७ चाच आहे, कलम ६३ तिथेच आहे आणि त्यात व्हीपीएनचा अपवाद नाही. याहून जास्त शब्द या मुद्द्यावर घालवायचे नाहीत.

"वेगळा बॅकअप लागत नाही"

घरची डिस्क आपल्या ताब्यात असते, दर महिन्याचं भाडं नाही, उद्या कंपनीने नियम बदलले म्हणून अडकायला होत नाही, हे मी कुणाहीइतकं मानते. प्लेक्सनेच २९ एप्रिल २०२५ पासून घराबाहेरून व्हिडिओ बघायला पैसे लावले. फाइल तुमची, डिस्क तुमची, तरी. जेलीफिनकडे लोक वळले ते उगीच नाही. पण "ताब्यात आहे" आणि "जाणार नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नॅसमधल्या दोन डिस्क एकमेकींची प्रत ठेवतात ते एक डिस्क मेली तर काम चालू राहावं म्हणून. डेडबोल्टने फाइल बिघडवली की ती दोन्हींवर बिघडते, आणि मामांनी चुकून फोल्डर उडवलं तरी दोन्हींवरून उडतं. आजीच्या ओव्यांची दुसरी प्रत जगात कुठेही नाही. एक यूएसबी डिस्क, महिन्यातून एकदा जोडायची, प्रत घ्यायची, काढून दुसऱ्या घरी ठेवायची. मामींच्या कपाटात साड्यांखाली ठेवली तरी चालेल, फक्त नॅसला लावलेली ठेवू नका.

आणि ज्यांची मामांसारखी तिसरी स्टेप झाली आहे त्यांच्यासाठी, आज रात्रीच: राउटरच्या पानावर डीएमझेड बंद करा, तिथेच यूपीएनपी बंद करा, पोर्ट फॉरवर्डिंगच्या यादीत तुम्ही न टाकलेल्या नोंदी दिसल्या तर त्या उडवा. नॅसमध्ये जाऊन अपडेट करा, "ॲडमिन" नावाचं मूळ खातं बंद करून दुसरं करा. मग फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून घरचा सार्वजनिक आयपी आणि पुढे ८०८०, ५०००, ८०९६ असे पोर्ट टाकून एकेक उघडून बघा. पान उघडायला नको. उघडलं, तर नॅसची नेटवर्क वायर काढा आणि मग मला फोन करा, आधी नको.